गुलछडीची साक्ष

डोंबिवलीशेजारच्या कोपर स्टेशनच्या पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर गोपीनाथ धुरी राहतात. त्यांच्याकडे चहाला गेलं, की चहाच्या आधी बंदूक येते. नवीन पाहुणा सोफ्याच्या कडेला सरकतो. मग आतून मालनकाकूंचा आवाज येतो, "घाबरू नका, तिच्यात आता फक्त तेल भरतात."

खरंच आहे ते. दीडशे वर्षांपूर्वीची ठासणीची बंदूक. चाप ओढला तर टक् असा आवाज होतो आणि खालचं कुत्रंसुद्धा मान वळवत नाही. लांबीला बेताची, कारण घोड्यावरच्या माणसाला लांब बंदूक पेलत नाही. इंग्रजीत तिला कार्बाइन म्हणतात. गोपीनाथ कडाबीन म्हणतात, कारण जुन्या मराठीत तसा शब्द आहे आणि तो त्यांनी स्वतः शोधून काढलाय. अशा घोडदळाच्या तीन कडाबिनी त्यांच्याकडे आहेत. तीनला संग्रह म्हणायचं का, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असतं. "एक म्हणजे वस्तू, दोन म्हणजे जोडी, तीनपासून संग्रह."

हा नाद लागला एका स्क्रूमुळे. गोपीनाथ अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, चौतीस वर्षं. एकदा कल्याणचे एक वयस्क गृहस्थ जुन्या बंदुकीचा घोडा रुमालात बांधून घेऊन आले. त्याचा एक स्क्रू हरवला होता. गोपीनाथांनी हातातल्या सगळ्या मापांनी त्याचे आटे मोजले. एकाही मापात ते बसेनात. ज्याने तो आटा पाडला तो कारागीर कुठलंच कोष्टक न बघता, हाताच्या अंदाजाने काम करत होता. गोपीनाथांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणतात. स्क्रू त्यांनी करून दिला, आणि पुढे काही वर्षांनी ती अख्खी बंदूकच रीतसर अर्ज, पंचनामा, परवाना अशा वाटेने त्यांच्या घरी आली. हीच त्यांची थोरली. परवान्याची फाइल बंदुकीपेक्षा जड आहे.

परवाना म्हटला की निवडणूक आली. आचारसंहिता लागली की तिन्ही कडाबिनी पोलीस ठाण्यात जमा करायच्या. गोपीनाथ त्यांना जुन्या धोतरात गुंडाळून, सोबत तेलाची कुपी आणि मऊ फडकं देऊन पोचवतात. गेल्या काही वर्षांत इतक्या निवडणुका झाल्या की ठाण्यातले हवालदार आता नोंदवही उघडतानाच म्हणतात, "या. आल्या का माहेरवाशिणी?"

गोपीनाथांचा जीव थोरलीवर. तिच्या डाव्या अंगाला वीतभर लांबीची लोखंडी दांडी आहे आणि त्या दांडीत एक कडी ओवलेली आहे. स्वाराच्या खांद्यावरून पट्टा यायचा, त्याचा आकडा त्या कडीत अडकवायचा, म्हणजे घोडा कितीही उधळला तरी बंदूक अंगाला लटकून राहायची. दांडीच्या मागच्या टोकाला अंगठ्याएवढी एक खोल खाच पडलेली आहे. बाकीची दांडी जवळजवळ कोरी.

"ही खाच बघा," गोपीनाथ पाहुण्याचं बोट धरून त्या खाचेवरून फिरवत. "घोडा दौडतोय, वर धूर, खाली धूळ, आणि कडी घासतेय. घासतेय. ही लढलेली आहे."

सोसायटीतल्या पोरांची एक अख्खी पिढी ही खाच चाचपून मोठी झाली. कोणती लढाई, हे गोपीनाथ सांगत नसत. पोरं आपापल्या इयत्तेच्या इतिहासाच्या पुस्तकातली लढाई धरून चालत.

फक्त मालनकाकूंना हे लढणं पसंत नव्हतं. खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा होते. देवासमोर पाटावर विळी, शिलाईमशीनची कात्री, गोपीनाथांचा मोजमापाचा व्हर्नियर आणि मुलगी योगिनी हिचा लॅपटॉप. कडाबिनी मात्र गॅलरीत, वेगळ्या पाटावर.

"माणूस मारलेली वस्तू माझ्या देवासमोर नको," मालनकाकू म्हणत. "तिथूनच पाया पडा तिच्या."

"अगं, शस्त्र आहे ते. शस्त्राचाच दिवस आहे आज."

"मग गॅलरीत पण आजच आहे."

बावीस वर्षं थोरलीची पूजा कपडे वाळत घालायच्या दोरीखाली झाली.

ठाणे शहरात जुन्या शस्त्रांच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. दर जानेवारीत ते एका सभागृहात प्रदर्शन भरवतं. गोपीनाथ दर वर्षी बघायला जायचे आणि दर वर्षी नाव न देता परत यायचे. गेल्या दसऱ्याच्या आधी योगिनीच वैतागली. "बाबा, तुम्ही लग्न जमवताय का तिचं? द्या नाव." त्यांनी नाव दिलं.

वस्तू पारखायला मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले. भाऊ टिपणीस, नौपाड्याचे, बँकेतून निवृत्त. स्वच्छ, शांत माणूस. भिंगसुद्धा खिशातून काढण्याआधी परवानगी विचारणारा. त्यांनी थोरलीला वीस मिनिटं पाहिलं. पोहे गार झाले. मग त्यांनी भिंग पुसलं.

"धुरी, वस्तू जुनी आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते ही घोडदळाची नव्हे. पायदळाची लांब बंदूक कापून आखूड केलेली आहे. दांडी आणि कडी मागाहून बसवली असावी."

"कशावरून?"

"या खाचेवरून. माझ्याकडच्या कडाबिनीची दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी झिजलेली आहे. घोडा चालताना कडी पुढेमागे सरकत राहते, त्यामुळे झीज पसरते. एकाच जागी इतकी खोल खाच घोडा पाडत नाही. माणूस पाडतो, कानशीनं. गिऱ्हाइकाला वापरल्यासारखी वाटावी म्हणून."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मालनकाकू ऐकत होत्या.

"मी तीस-पस्तीस वर्षं कानस चालवलीय," गोपीनाथ म्हणाले. "कानशीची खूण मला कळणार नाही?"

"वरून घासून गुळगुळीत केली तर कोणालाच कळणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही." भाऊंनी हे इतक्या हळू सांगितलं की रागावायची सोय राहिली नाही. "आपण तिला प्रदर्शनात ठेवू. शेवटच्या टेबलावर. 'मागाहून फेरफार केलेल्या वस्तू' असं कार्ड असतं तिथं."

शेवटचं टेबल गोपीनाथांना ठाऊक होतं. ते चहाच्या काउंटरला लागून असतं आणि लोक त्यावर रिकामे कप ठेवतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या पलंगाचा सागवानी खूर आडवा कापला.

टूलरूमच्या माणसाला वादावादी जमत नाही. त्याला सुटा भाग करून बघता येतो. पंधरा दिवसांत त्यांनी थोरलीची नक्कल तयार केली. वजन तेच, तोल तोच. नळीच्या जागी भरीव गज घातला, म्हणजे त्यातून गोळी सोडा, मुंगीसुद्धा जाऊ नये. खरी गंमत दांडीत होती. ती त्यांनी लोखंडाची न करता मऊ पितळेची केली. लोखंडाला झिजायला दहा वर्षं लागतात, ती वर्षं पितळ महिन्याभरात दाखवतं. आता एवढंच हवं होतं की ही नक्कल घोड्यावर बसून रोज दौडली पाहिजे. घोडा दाखवील तशी झीज पडेल. सरळ हिशोब.

डोंबिवलीत घोडा म्हटला की तो वरातीचा. त्यातल्या त्यात नावाजलेली कल्याणची गुलछडी, पांढरी शुभ्र घोडी, चौदा वर्षं नवरदेव वाहणारी. तिचा मालक दगडू खाडीच्या बाजूला पत्र्याच्या तबेल्यात राहायचा. गोपीनाथांनी त्याला सगळा मामला समजावून सांगितला. दगडूने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "नवरदेव कुठाय?"

"नवरदेव नाही. मीच बसणार आहे."

"काकूंना ठावं हाय का?"

पहिल्या दिवशी गोपीनाथ स्वतः चढले. खांद्यावर पट्टा, कमरेला नक्कल, खोगिराला बंदुकीचं तोंड अडकवायला चामड्याची नळी. आंबिवलीच्या दिशेने मोकळा रस्ता होता. गुलछडी चार पावलं चालली आणि थांबली. गोपीनाथ म्हणाले, "चल." ती चालली नाही. दगडू म्हणाला, "काका, ती वाजंत्रीची वाट बघतीय."

तेवढ्यात एका रिक्षेचा म्युझिकल हॉर्न वाजला. गुलछडीने मान वर काढली आणि जागच्या जागी थयथय नाचायला लागली. गोपीनाथ तिच्या मानेला मिठी मारून पुढची दोन मिनिटं जे काय म्हणत होते, ते मालवणीत होतं.

त्यानंतर रोज सकाळी दगडूच बसू लागला. तो गावाकडचा, उघड्या पाठीवर बसून वाढलेला. तो टाच मारून तिला तीन किलोमीटर दौडवायचा आणि परत आणायचा. तीन आठवडे झाले. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गोपीनाथ कल्याणला गेले, नक्कल उजेडात धरली आणि बघत राहिले.

पितळेची दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी झिजली होती. अगदी भाऊंच्या कडाबिनीसारखी.

भाऊंचं बरोबर होतं.

घरी येऊन त्यांनी दांडी टेबलावर ठेवली. योगिनीने विचारलं, "आता?" ते म्हणाले, "टूलरूममध्ये एका मापावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरं घ्यायचं." पण आवाजात जोर नव्हता. दुसरी कोरी दांडी बसवून त्यांनी नक्कल दगडूकडे पोचवली, महिनाभर असंच दौडव म्हणून सांगितलं, आणि आल्यावर पहिल्यांदाच थोरलीला तेल न लावता कपाट बंद केलं. बाहेरचं कोणी आलं तरी बंदूक आली नाही. आधी चहाच यायला लागला. मालनकाकूंना हे खरं तर हवं होतं, पण दोन-तीनदा त्याच म्हणाल्या, "अहो, दाखवा की त्यांना." ते म्हणाले, "काय दाखवायचं."

डिसेंबरच्या मध्यावर महिना भरला. गोपीनाथांनी फोन लावला. दगडूच्या बायकोने उचलला.

"ते वरातीला गेल्यात."

"आणि माझी बंदूक?"

"ती बी गेलीय."

"कुठे?"

"तुमच्याकडंच की. कोपरला."

गोपीनाथ चपला घालून निघाले. ऐन संध्याकाळ, पुलाजवळ बँडचा दणदणाट, आणि मधोमध गुलछडी. तिच्यावर जरतारी फेटा बांधलेला एक धष्टपुष्ट नवरदेव, आणि त्याच्या छातीवरून गोपीनाथांचा पट्टा, कमरेला गोपीनाथांची नक्कल. समोर एक हवालदार हात आडवा करून उभे. पोलीस ठाण्यातले तेच, माहेरवाशिणीवाले.

"या, धुरीसाहेब," हवालदार म्हणाले. "तुमच्या तीन माझ्या वहीत आहेत. ही चौथी कुठून आली?"

"भरीव आहे, साहेब." गोपीनाथांनी धापा टाकत तोंडाकडचा भाग दाखवला. "गज आहे नुसता. बघा, भोकच नाही."

हवालदारांनी करंगळी लावून पाहिली. करंगळी गेली नाही. "नवरदेवाला लाकडी बंदूक कशाला?"

दगडू लगाम धरून आकाशाकडे बघत होता. नवरदेवानेच वरून सांगितलं, "सरदार पॅकेज आहे ना, काका. तलवारीच्या ऐवजी बंदूक. माझ्या आतेभावाने पण हेच घेतलेलं."

"दगडू," गोपीनाथ म्हणाले, "मी तुला काय सांगितलेलं?"

"दौडवायचं." दगडू जमिनीकडे बघू लागला. "पन काका, लग्नाचा सीजन. सकाळी घोडी थकलेली असती. म्हनलं बंदूक घोडीवरच बसवायची हाय ना, मग नवरदेवासंग बसू दे. घोडी तीच, बंदूक तीच."

"किती लग्नं?"

"हे धरून सव्वीस."

गोपीनाथांच्या मनात आलं ते छापण्यासारखं नव्हतं. महिनाभराचं माप वाया. सव्वीस नवरदेव, सव्वीस वजनं, एक पाऊल दौड नाही. हवालदारांनी वाट मोकळी केली, बँडवाल्याने ढोलावर टिपरी मारली आणि गुलछडीने मान उचलली.

ती नाचायला लागली. पुढचे पाय वर, मान मागे, अंग तिरकं. पुन्हा खाली, पुन्हा वर. गोपीनाथ बंदूक काढून घ्यायला पुढे झाले होते. ते तसेच थांबले.

कडी सरकत नव्हती. घोडी पुढून उचलली जायची तेव्हा कडी मागच्या टोकाला जाऊन बसायची, आणि जागच्या जागी टक्, टक्, टक्, टक् ठोके घ्यायची. ढोलाच्या ठेक्यावर. तिथेच. त्याच जागी.

त्यांनी चष्मा वर करून पितळेच्या दांडीजवळ नाक नेलं. मागच्या टोकाला, अंगठ्याएवढी, खाच पडली होती. बाकी दांडी कोरी.

उरलेली वरात गोपीनाथ धुरींनी घोडीला खेटून, नवरदेवाच्या कमरेपाशी डोकं घालून पार पाडली. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे कोणी भावनाप्रधान मामा असावेत. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. दोन्हीकडून त्यांना पेढा मिळाला, एकाने डोक्यावर फेटा चढवला, आणि मांडवाच्या दारात घोडी शेवटचं नाचली तेव्हा गोपीनाथांनी तिच्यासोबत दोन पावलं टाकली. हे दगडूने नंतर सगळ्यांना सांगितलं. गोपीनाथ म्हणतात, पाय घसरला होता.

फेटा बांधूनच ते घरी आले. मालनकाकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "कोणाशी केलंत?"

रविवारी ते नौपाड्याला गेले. भाऊंच्या टेबलावर त्यांनी तीन वस्तू मांडल्या: पहिली पितळी दांडी, दुसरी पितळी दांडी आणि योगिनीने मोबाइलवर काढलेला थोरलीच्या दांडीचा जवळून फोटो. मग कुठली दांडी कशाने झिजली ते सांगितलं. पहिलीबद्दल आधी सांगितलं, काहीही न लपवता. "दौडीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, भाऊ. हे बघा."

भाऊंनी भिंग काढलं. या वेळी परवानगी विचारायला विसरले. दुसरी दांडी फोटोशेजारी धरून ते बराच वेळ ती फिरवत राहिले.

"एखाद्या संस्थानाच्या स्वारीतली असेल," शेवटी ते म्हणाले. "दसऱ्याची मिरवणूक, लग्नं, पालखी. पुढे नाचवायचे घोडे असत त्यांच्याकडे. खात्रीनं सांगता येणार नाही, धुरी. पण घोड्यावरची आहे. मी माझी कानस मागे घेतो."

गोपीनाथांनी दांड्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या.

"पण तुमच्या लक्षात आलं ना?" भाऊ थोडं अडखळत म्हणाले. "दौड असती तर दांडी सगळी झिजली असती. म्हणजे हिनं लढाई पाहिलेली नाही. तुम्ही तर इतकी वर्षं..."

"आलं लक्षात. वरातीतच आलं."

"कार्डावर काय लिहू मग? नुसतं 'घोडदळाची कडाबीन' लिहिलं तरी चालेल. लोक समजायचं ते समजतील."

बावीस वर्षं लोक समजायचं ते समजतच होते. गोपीनाथांना सोसायटीतली पोरं आठवली, त्यांची छोटी बोटं, त्यांच्या त्या इयत्ता पाचवीच्या लढाया. आणि मग गुलछडी आठवली.

"नाही, खरं ते लिहा," ते म्हणाले. "दौडली कमी, नाचली जास्त."

भाऊ हसले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली, जिथे त्यांची स्वतःची कडाबीन टांगलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी झिजलेली. "माझी मात्र भरपूर पळालेली दिसते," ते हळूच म्हणाले. "आता कोणाच्या मागे, का कोणाच्या पुढे, ते काही दांडी सांगत नाही."

जानेवारीतल्या प्रदर्शनात थोरली दुसऱ्या टेबलावर होती. शेजारी दोन पितळी दांड्या, आणि त्यांच्याशेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला दगडू, कारण समजावून सांगायला भाऊंनी त्यालाच बोलावलं होतं. "ही दौड," तो पहिली दांडी दाखवायचा. "आन् हा नाच. तुमी कुटली घेनार?" त्याने दोन दिवसांत तीन वराती ठरवल्या. गर्दी एवढी जमली की चहाचा काउंटर ओस पडला आणि शेवटच्या टेबलावर एकही कप नव्हता.

मालनकाकू दुसऱ्या दिवशी आल्या. पर्स पोटाशी धरून त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग गोपीनाथांना बाजूला घेतलं.

"म्हणजे हिनं कोणाला मारलं नाही?"

"शपथेवर नाही सांगता येणार. पण भाऊ पण म्हणतात, लढलेली नाही."

"बावीस वर्षं तुम्ही मला सांगताय, लढलेली लढलेली."

"मला तसंच वाटायचं."

"आणि मी तिला ऊन-पावसात गॅलरीत बसवलं." काकूंना खरोखर वाईट वाटलं होतं. "आधी सांगायचं नाही का?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात पंचवीस बायका यायच्या होत्या. त्या यायच्या आधी, तिळगुळाचं ताट भरता भरता, मालनकाकूंनी हाक मारली, "अहो, तिला आत आणा."

गोपीनाथांनी थोरली आणली. देवघरासमोर पाट होता, पाटावर नवं कापड. त्यांनी तिला ठेवली. काकूंनी करंडा उघडला आणि बोट पुढे केलं.

"लाकडावर नको हं," गोपीनाथ घाईने म्हणाले. "कुंकवाचा डाग निघत नाही."

"मग कडीला लावते."

कडीला हळद लागली, कुंकू लागलं. गोपीनाथांच्या खिशात तेलाचं फडकं होतं, नेहमीप्रमाणे; हातही खिशापर्यंत गेला होता. तो तसाच परत आला.

पहिली बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्याने राहायला आलेल्या बाई आत आल्या, पाटाकडे बघून दारातच थबकल्या. "अय्या, ही कोण?"

"वरातीतली आहे," मालनकाकू म्हणाल्या. "बसा. तिळगूळ घ्या."